सावरीवरची ती 'मोठी घार'

मुलुंडच्या एका ताईंनी तीन फोटो आणि त्यांच्याबरोबर बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांची सोसायटी डोंगराला लागून आहे, बाल्कनी आठव्या मजल्यावर आणि कुंपणाच्या भिंतीपलीकडे थेट राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. त्या लिहितात, "डिसेंबरपासून समोरच्या वाळक्या सावरीवर एक मोठी घार येऊन बसते. सकाळी दहाच्या सुमारास शिट्टी घातल्यासारखी ओरडते. परवा तिच्या पायात साप होता. सासूबाई गरुड म्हणून हात जोडतात, मुलगा मोबाईलवर बघून रोज वेगळं नाव सांगतो. नक्की काय आहे? आमच्या मांजराला धोका आहे का? चिकनचे तुकडे कठड्यावर ठेवले तर चालतील का? गेल्या वर्षीही फेब्रुवारीपर्यंत दिसली आणि मग एकदम गायब झाली, ती जाते कुठे?"

सासूबाईंचं बरोबर आहे. पहिल्या फोटोतला पक्षी घार नाही, तुरेवाला सर्पगरुड आहे. पण तुम्हाला घार वाटली यात ओशाळण्यासारखं काही नाही. १७९० साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यानेही 'चीला' हाच शब्द घेतला, आणि तो आला हिंदीतल्या 'चील'वरून. चील म्हणजे घार. पुढे त्याच्या आधी 'स्पायलॉर्निस' लागलं, म्हणजे ठिपक्यांचा पक्षी. थोडक्यात, ठिपकेवाली घार. तुमची चूक सव्वादोनशे वर्षांपासून शास्त्राच्या दप्तरात नोंदवलेली आहे.

येऊर, नागला, तुळशीचा परिसर, कान्हेरीच्या मागची बाजू या उद्यानाच्या भागांत मी पंचवीसेक वर्षं शिकारी पक्ष्यांच्या नोंदी ठेवत फिरतोय. लोकांना हा पक्षी ओळखायला शिकवताना एकच गोष्ट आधी सोडायला लावावी लागते. गरुड म्हटलं की सगळे मान वर करतात. डोळ्यांसमोर आकाश, कडे, झेप वगैरे. सर्पगरुड आकाशात दिसतो ते दिवसातले फार तर एक-दोन तास. उरलेला दिवस तो बसून असतो, आणि तेही झाडाच्या शेंड्यावर नव्हे, तर मधल्या उंचीच्या आडव्या फांदीवर, खोडाच्या जवळ. बसणं हाच त्याचा धंदा आहे. तो का दिसतो, कधी दिसतो, कुठे जातो या सगळ्याचं उत्तर त्याच्या बसण्यात आहे. म्हणून तुम्ही 'येऊन बसते' असं लिहिलंत तिथेच मला निम्मी ओळख पटली होती.

उरलेली निम्मी फोटोत आहे. चेहरा बघा. चोचीच्या मुळापासून डोळ्यापर्यंत पिवळीधमक, बिनपिसांची कातडी. डोळाही पिवळा. लांबून हळद लावल्यासारखा दिसतो. मग पाय बघा. पोटाखालून निघतात तिथून बोटांपर्यंत उघडे आणि पिवळे, त्यांवर पिसं नाहीत. छाती-पोट तपकिरी आणि त्यावर पांढरे ठिपके, प्रत्येक ठिपक्याला गडद कड. तुरा तुमच्या फोटोत जेमतेम दिसतोय, कारण तो एरवी मानेवर चापून बसवलेला असतो आणि डोकं नुसतं जाडजूड दिसतं. वारा मागून आला किंवा पक्षी सावध झाला की तो पंख्यासारखा उघडतो. काळा, त्यात पांढऱ्या पट्ट्या. नाटकातला राजा रागावल्यासारखा दिसतो तेव्हा.

उडताना तर चुकायला वावच नाही. खालून बघितलं की पंखांच्या मागच्या कडेला काळी किनार आणि तिच्या आत रुंद पांढरा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेपटीतही तसाच एक पट्टा. पंख सपाट नसतात, उथळ थाळीच्या काठासारखे थोडे वर उचललेले असतात. घारीची शेपटी मागून खाच असलेली, आणि घार ती सारखी इकडेतिकडे वळवत राहते. सर्पगरुडाची गोल आणि स्थिर. एकदा हे बघितलं की सातव्या मजल्यावरच्या काकांनाही तुम्ही शिकवाल.

आता बसण्याकडे येतो. येऊरच्या जंगलात एका ओढ्याच्या वळणावर करंजाची एक फांदी पाण्यावर आडवी गेली आहे. एका नोव्हेंबरमध्ये सकाळी सातच्या आधी तिथे सर्पगरुड दिसला, जमिनीपासून दीड-दोन पुरुष उंचीवर. मी दगडाला टेकून बसलो. पहिला तास काहीही घडलं नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. मान तेवढी फिरत होती, कधी डावीकडे, कधी सरळ खाली, आणि मधूनच डोकं बाजूला कलवून एका डोळ्याने काहीतरी निरखणं. आठ वाजून गेले, ओढ्याच्या काठावर ऊन उतरलं. मग तो पडला. उडाला असं मी म्हणणारच नाही. पंख अर्धे उघडून, पाय पुढे करून, फणस पडावा तसा तो खाली आला. धप् आवाज झाला. पालापाचोळा उडाला. तो पंख अर्धवट पसरून उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या पायाखाली नानेटी होती. अंगावर पिवळसर पट्टे असलेला, बिनविषारी, हातभर लांबीचा साप.

नानेटीने पायाला विळखा घातला. त्याने वाकून डोक्यावर दोनदा चोच मारली. विळखा सैल झाला. मग तिथेच, न फाडता, डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. मान पुढे-मागे करत, मध्ये थांबत, डोळे मिटत-उघडत. शेवटी चोचीतून बोटभर शेपूट लोंबत राहिली आणि लहान मुलाने शेवई ओढावी तशी ती आत गेली. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. त्याच्या आधीचा सव्वा तास नुसतं बसणं. हाच हिशोब त्याच्या आयुष्याचा आहे.

सापाने पायाला विळखा घातला तरी त्याने पर्वा केली नाही, याचं कारण त्या पायांतच आहे. नडगीवर आणि बोटांवर जाड, खरखरीत खवले असतात, एकाला एक चिकटून. बोटं इतर गरुडांच्या मानाने आखूड आणि जाड. ससा किंवा कोंबडी उचलायला लांब बोटं आणि लांब नख्या लागतात. घसरणारी, वळवळणारी दोरी दाबून धरायला आखूड, खरखरीत पकड बरी. सुताराच्या पेटीत पक्कड आणि चिमटा वेगवेगळे असतात, तसंच हे.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण विनता आणि कद्रूची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली असते. गरुडाला सापाचं विष चढत नाही असं लोक ठामपणे सांगतात. सर्पगरुड विषारी सापही मारतो हे खरं. पण त्याच्या रक्तात काही अमृत नाही. दात मांसात रुतले तर तोही मरू शकतो. त्याचा बचाव तीन गोष्टींत आहे: खवल्यांचे पाय, दाट पिसं आणि पहिला घाव डोक्यावर. गिळलेल्या विषाचं म्हणाल, तर सापाचं विष हे मुख्यतः प्रथिनांचं बनलेलं असतं आणि धडधाकट पोटात ते इतर प्रथिनांसारखं पचून जातं. बाधतं ते रक्तात शिरलं तर.

खाण्यात साप आणि सरडे सगळ्यात वर. धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ, सापसुरळ्या. याशिवाय बेडूक, उंदीर, खेकडे, कधी एखादा पक्षी. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचे सर्पगरुड तर जमिनीवर चालत खेकडे आणि गांडुळं टिपतात. या एका जातीच्या वीसेक उपजाती भारतापासून इंडोनेशिया, तैवानपर्यंत पसरल्या आहेत, आणि बेटाबेटागणिक आकार बदलतो. आपल्या दक्षिण भारतातला पक्षी मध्यम आकाराचा. उत्तरेकडचा, हिमालयाच्या पायथ्याचा, त्याहून मोठा.

म्हणजे याला हवं काय, तर मोठी झाडं, झाडांखाली ओल आणि ओलीपाशी सरपटणारं काहीतरी. मुंबईत हे तिन्ही एकत्र मिळायचं कारण मजेशीर आहे. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये. शहराला पाणी हवं होतं, म्हणून तलावांभोवतीचं पाणलोट जंगल राखलं गेलं. त्या राखलेल्या तुकड्याभोवती पुढे वाढत वाढत आजचं साधारण १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान झालं. सर्पगरुडासाठी कुणी काही केलं नाही, पण नळाच्या पाण्याबरोबर त्याचं भागलं. तुमच्या भिंतीपलीकडून पावसाळ्यात जो ओहोळ वाहतो ना, बहुतेक तोच तुमच्या पक्ष्याचं खरं कारण आहे. सावर ही फक्त त्याची खुर्ची.

सकाळी दहाची शिट्टी. थंडीच्या दिवसांत डोंगर तापायला नऊ-साडेनऊ होतात. जमिनीलगतची हवा गरम होऊन वर चढू लागली की पंख न हलवता त्या हवेवर चढता येतं. तेवढ्यासाठी तो फांदी सोडतो, गोल गोल फिरत वर जातो आणि ओरडतो. आवाज दूरवर जाणारा, तीन-चार तुकड्यांचा: आधी एक-दोन आखूड, वर चढणाऱ्या शिट्ट्या, मग लांब, ताणलेल्या. इतक्या मोठ्या अंगाच्या पक्ष्याला शोभणार नाही असा कोवळा आवाज आहे. डिसेंबर-जानेवारीत बहुधा दोघं असतात, नर आणि मादी, एकमेकांना उत्तर देत. हे त्यांचं हद्दीचं आणि जोडीचं बोलणं. साडेअकरा-बारानंतर पुन्हा फांदी.

शिट्टी ऐकून पक्षी दिसला नाही तर लगेच नोंद करू नका. भीमराज, लांब दोन तारा शेपटीला लावून फिरणारा तो कोतवाल पक्ष्याचा भाऊबंद, सर्पगरुडाची नक्कल इतकी हुबेहूब करतो की माझ्या वहीत सुरुवातीच्या दोन वर्षांच्या निदान काही नोंदी त्याच्याच असाव्यात. नंतर मी एक सवय लावून घेतली. आवाज आकाशातून न येता दाट झाडीतून, तेही माणसाच्या उंचीवरून आला, तर आधी भीमराज शोधायचा.

तुमचा मुलगा मोबाईलवर जी नावं काढतोय त्यांचाही निकाल लावून टाकू. पहिलं, मोरघार. ही खरी झुंजार शिकारी. अंगाने सर्पगरुडाएवढीच, पण सडपातळ आणि ताठ बसणारी. डोक्यावर लांब, सुटी, उभी शेंडी, शाळकरी मुलाच्या न बसणाऱ्या केसांसारखी. आणि पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, पायजमा घातल्यासारखे. ही साप-सरड्यांबरोबरच ससे, रानकोंबड्या, खारी, मोराची पिल्लं घेते. जंगलालाही फरक कळतो. सर्पगरुड आला की सातभाई थोडा वेळ कलकलाट करतात आणि पुन्हा पाला उकरायला लागतात. मोरघार आली की आवाजच बंद होतात. माझ्या अनुभवात ही शांतता डोळ्यांपेक्षा आधी सांगते.

दुसरं, मधुघार. डोकं कबुतरासारखं लहान, मान लांब. तिला मधमाश्यांची पोळी हवी असतात, साप नव्हे. पिसांचे रंग इतके तऱ्हेतऱ्हेचे की जाणकारही फसतात. तिसरं, सापमार गरुड. तोही साप खाणाराच, सर्पगरुडाचा जवळचा नातेवाईक, पण माळरानाचा. पोट पांढरं, डोकं घुबडासारखं मोठं, आणि उघड्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो. मुलुंडच्या झाडीत तो अपेक्षित नाही. काळा गरुड सह्याद्रीच्या दाट रानाचा, आणि समुद्रकाठचा पांढऱ्या पोटाचा तो समुद्रगरुड, कोकणात त्याला काकण म्हणतात. या दोघांना तुमच्या यादीतून सध्या काढून टाका.

आता तो गायब कसा होतो. इथे आधी तुमची एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. तुमची सावर वाळकी नाही. फोटोत फांद्यांच्या टोकांना कळ्यांच्या गाठी दिसतायत. सावर थंडीत पानं गाळते आणि उघडी-बोडकी उभी राहते, म्हणून गरुडाला ती आवडते. समोरचं सगळं दिसतं, पंख उघडायला जागा मिळते, उन्हात अंग शेकता येतं. जानेवारी सरता सरता तिला लाल फुलं येतील आणि फुलांच्या रसावर मैना, बुलबुल, कावळे, कोतवाल अशी जत्रा भरेल. कोतवाल हा प्राणी गरुडाला बसू देत नाही. मागून येऊन डोक्यावर टोचतो, अंगठ्याएवढ्या चोचीने. दोन-चार दिवस सहन करून सर्पगरुड जागा बदलतो. तुमच्याकडून 'गायब' होण्याचं अर्धं कारण हे.

हे इतकं लांबवण्याचं कारण असं की पश्चिम उपनगरातल्या एका सोसायटीत मी अशीच एक सावर गमावली आहे. तिथल्या रहिवाशांनी जानेवारीत वर बघितलं, पान नाही, म्हणजे झाड मेलं आणि गाड्यांवर पडणार असं ठरवलं. मी पोचलो तोवर बुंधा आडवा पडला होता आणि कापलेल्या फांद्यांना कळ्या होत्या. मुंबईत झाड तोडायला, अगदी वाळलेलं असलं तरी, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. हे सोसायटीच्या सभेत कुणी 'वाळकी सावर' असा शब्द काढला तर उपयोगी पडेल. शब्द आधी तुम्हीच बदला.

दुसरं अर्धं कारण घरट्याचं. हिवाळा संपत आला की जोडी जंगलाच्या आत, बहुधा ओढ्याच्या काठी, एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं घालते किंवा जुनंच डागडुजी करून वापरते. आत हिरव्या पानांचा थर घालतात. बांधकाम दोघांचं. अंडं एकच, क्वचित दोन, पण वाढतं ते एकच पिल्लू. उबवते मादी, आणि ती खायला गेली की नर राखण करतो. अंडं फुटायला साधारण ४१ दिवस, त्यानंतर पिल्लू उडायला आणखी दोनेक महिने.

मी एकच घरटं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं आहे, बेहड्यावर, समोरच्या उतारावरून, दुर्बिणीतून. अंतर दीडशे पावलांहून कमी होऊ दिलं नाही. अंडं मधल्या फेब्रुवारीतलं असावं. मार्चअखेर मादी घरट्यात वेगळ्या पद्धतीने बसू लागली, किंचित उठून, पंख सैल सोडून. खाली काहीतरी हलत होतं. एप्रिलच्या उन्हात ती तासन्‌तास पंखांची छत्री धरून उभी असायची आणि स्वतः चोच उघडून धापा टाकायची. नर साप घेऊन यायचा तो निम्मा गिळलेला. त्याच्या चोचीतून लोंबणारं शेपूट मादी धरून बाहेर खेचायची आणि मग बारीक तुकडे करून पिल्लाला द्यायची. पिल्लाला थोडा जोर आला तेव्हा एकदा त्याने स्वतःच ते शेपूट पकडलं आणि बाप-लेकात रस्सीखेच झाली. मेच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लू शेजारच्या फांदीवर होतं. जूनच्या पहिल्या पावसानंतर घरटं रिकामं.

ही वेळ मला फार हिशोबी वाटते. फेब्रुवारी ते मे आपलं जंगल पानगळीचं. साग, ऐन, सावर, पांगारा सगळे बोडके. जमिनीवर वाळका पाचोळा, त्यात सापसुरळी हलली तरी आवाज येतो आणि वरून सगळं उघडं दिसतं. नेमकं तेव्हाच घरी एक तोंड जास्त असतं. आणि पिल्लू स्वतः शिकार शिकायला बाहेर पडतं तेव्हा पाऊस सुरू होऊन बेडकांचा, खेकड्यांचा, सापाच्या पिल्लांचा सुकाळ असतो. हा शेवटचा दुवा माझा अंदाज आहे, पण तेवढ्या वर्षांच्या फिरण्यातून आलेला.

ते घरटं तिसऱ्या वर्षी सोडलं गेलं. कुणीतरी जागा फोटोवाल्यांच्या एका गटात सांगितली, आणि त्यानंतरच्या रविवारी झाडाखाली सात जण उभे होते. एकाने मोबाईलवर सर्पगरुडाची शिट्टी वाजवली, म्हणजे मादी मान वर करेल. मादी उठली ती परत यायला पन्नास मिनिटं लागली. त्या उन्हात अंडं तेवढा वेळ उघडं. पिल्लू काही निघालं नाही. म्हणून घरट्याची जागा मी आता कुणालाच सांगत नाही, विद्यार्थ्यांनाही नाही, आणि कुणी रागावलं तर रागावू देतो. तुमच्या बाल्कनीतून पक्षी घरट्याकडे जाताना दिसलाच तर दिशा टाकू नका, नुसतं 'दिसला' एवढं पुरे.

पावसाळ्यात तो इथेच असतो, स्थलांतर वगैरे करत नाही. फक्त आकाशात चढायला गरम हवा नसते, त्यामुळे शिट्टी कमी आणि दर्शन कमी. ओलाचिंब होऊन खोडाला चिकटून बसलेला सर्पगरुड हा एक केविलवाणा प्रकार आहे. ऑगस्टमध्ये दोन सरींच्या मध्ये ऊन पडलं की तो पंख पूर्ण उघडून, पाठ उन्हाकडे करून, वाळत घातलेल्या घोंगडीसारखा बसतो. त्या वेळी येऊरच्या किंवा कान्हेरीच्या रस्त्याने गाडी हळू चालवा आणि रस्त्याच्या कडेच्या आडव्या फांद्यांवर नजर ठेवा. मला पावसाळ्यातले बरेचसे सर्पगरुड तसेच दिसले आहेत, आणि दोनदा रस्त्यावर चिरडलेल्या सापाशी उतरलेले.

मांजर. आपल्याकडच्या सर्पगरुडाचं वजन फार तर पावणेदोन किलो, तुमचं मोठं मांजर तीन-साडेतीन किलो तरी असेल. त्याने ते उचलणं शक्य नाही, आणि ते त्याचं खाद्यही नाही. मांजर बाहेर सोडत असाल तर काळजी बिबट्याची करा, गरुडाची नको. उलट त्या भिंतीपलीकडे मांजर सरडे आणि पक्षी मारत असेल तर तक्रार गरुडाने करायला हवी.

चिकन अजिबात ठेवू नका. रस्त्यावरच्या मेलेल्या सापाशी तो क्वचित उतरतो, पण एरवी मेलेलं मांस बघून फांदी सोडणाऱ्यांतला तो नाही, त्याला हालचाल लागते. तुमच्या कठड्यावर येतील ते कावळे आणि घारी, खाली पडलेल्या तुकड्यांवर उंदीर आणि भटकी कुत्री, आणि कुत्र्यांच्या मागे कोण येतं हे मुलुंडमध्ये राहणाऱ्याला मी सांगायला नको. पक्षी जखमी दिसला, विशेषतः संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेला, तर स्वतः पकडू नका. ते पाय सापासाठी बनलेत, तुमच्या मनगटाचीही गय करणार नाहीत. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि मदत येईपर्यंत लांबून माणसं हटवा. जमिनीवर असेल तर मोठं खोकं हळूच वरून पालथं घाला. अंधारात तो शांत बसतो.

राहिले दोन फोटो. दुसऱ्यात डोकं आणि छाती मळकट पांढरी, डोळ्यामागे गडद डाग, म्हणून मुलाने त्याला मोरघार ठरवलं. त्याला पाय बघायला सांगा. उघडे आणि पिवळे आहेत. हे सर्पगरुडाचं गेल्या मोसमातलं पिल्लू आहे, लहानपणी ते असंच पांढुरकं असतं आणि ठिपके नंतर येतात. याच जोडीचं असेल असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण मोठा पक्षी त्याच सावरीवर असताना ते हाकललं जात नसेल, तर मला तारीख आणि वेळ लिहून पाठवा. तिसऱ्या फोटोत मात्र खरोखर घारच आहे.